थंडीत रोपांना ऊब : हीटर कोणता, किती आणि कसा?



उष्णतेचा पाठ शिकवताना फळ्यावर वहन, अभिसरण आणि प्रारण असे तीन शब्द लिहिले की मुलं व्याख्या पाठ करतात आणि पेपरात उतरवून मोकळी होतात. पण आपल्या सातारा-सांगलीच्या भागात जानेवारी महिन्यात याच तीन शब्दांवर कित्येक घरांची रोपं जगतात किंवा मरतात. म्हणून आजचा पाठ थोडा वेगळा आहे. रोपं वाढवायच्या बंद जागेत, म्हणजे खोलीत, शेडमध्ये, पेटीत किंवा छोट्या पॉलिहाऊसमध्ये ऊब कशी द्यायची, ते आज शिकूया.

हा पाठ मी का लिहितेय?

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, खानापूर तालुक्यातलं. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आधी दादाने उन्हाळी मिरचीसाठी ट्रेमध्ये बी टाकलं. थंडी कडक होती, दहा-बारा दिवस झाले तरी बी वर येईना. मग त्याने ट्रे घरामागच्या खोलीत नेले, दार-खिडकी घट्ट लावली आणि कोळशाची शेगडी पेटवून ठेवली. रात्री लक्ष द्यायला म्हणून स्वतःही तिथंच आडवा झाला. पहाटे वहिनी चहाला हाक मारायला गेली तर हा उठेचना. डोकं गच्च, उलट्या, पायात त्राण नाही. तिने आधी दार-खिडकी सताड उघडली, शेजाऱ्यांना बोलावून त्याला बाहेर ओढलं आणि दवाखान्यात नेलं. ऑक्सिजन लावला, दादा वाचला.

कोळसा बंद जागेत अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस झोपेतच गुदमरतो. वहिनी अजून तासभर उशिरा उठली असती तर? हा विचार आजही अंगावर काटा आणतो.

तेव्हा पाठातला पहिला नियम इथंच लिहून घ्या. बंद जागेत कोळसा, लाकूड, रॉकेल किंवा गॅसची शेगडी पेटवायची नाही. "थोडा वेळच" म्हणूनही नाही. रोपांनाही ती मानवत नाही. धुरात इथिलीन वायू असतो आणि टोमॅटोसारख्या रोपांची पानं त्याने खाली वाकतात. नाशिककडे निफाडला थंडी वाढली की द्राक्षबागेत शेकोट्या करतात, ते उघड्या रानात. ती रीत खोलीत आणायची नाही.

बियाला ऊब किती लागते?

बी मेलेलं नसतं, थंडीने सुस्त झालेलं असतं. ओलावा असला तरी आतली कामं तापमानावर चालतात. साधारण अंदाज असा :

टोमॅटो : मातीचं तापमान १० अंश असेल तर उगवायला सुमारे ४३ दिवस, १५ अंशाला १४ दिवस, २० ला ८ दिवस, २५ ला ६ दिवस.
मिरची व ढोबळी मिरची : १५ अंशाला २५ दिवस, २० ला १३ दिवस, २५ ला ८ दिवस.
कलिंगड : २० अंशाला १२ दिवस, २५ ला ५ दिवस.

यातून दोन गोष्टी कळतात. १५ वरून २५ वर जाण्यात मिरचीचे सतरा दिवस वाचतात. पण २५ वरून ३० वर नेऊन मिरची-टोमॅटोत हाती फारसं काही लागत नाही. आणि ३५ च्या पुढे गेलं तर टोमॅटोची उगवण उलट घटते, ४० ला तर होतच नाही. म्हणजे "जास्त ऊब म्हणजे जास्त चांगलं" हे खोटं. आपलं लक्ष्य २५ ते २८ अंश, तेही हवेचं नाही, कोकोपीटचं.

पायरी पहिली : मोजा

हीटरच्या दुकानात जाण्याआधी कमाल-किमान तापमापी आणा. ती ट्रेच्या उंचीला तीन रात्री ठेवा आणि पहाटेचा सर्वांत कमी आकडा वहीत लिहा. अंगाला लागते ती थंडी आणि ट्रेला लागते ती थंडी वेगळी असते.

याचं ठळक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी कडक थंडीत गवतावर आणि गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरं होतं. तिथली हवा तेव्हा शून्याच्या थोडी वर असली तरीही हे घडू शकतं. कारण निरभ्र रात्री जमीन, पानं, पत्रा आपली उष्णता आकाशाकडे फेकून देतात आणि हवेपेक्षाही थंड होतात. मुलांनो, हेच प्रारण. म्हणून शेडनेटखाली ठेवलेला ट्रे रात्री उबदार राहत नाही. नेट ऊन अडवते, ऊब धरून ठेवत नाही.

पायरी दुसरी : आहे ती ऊब धरून ठेवा

गळक्या घागरीत पाणी ओतत बसण्यापेक्षा आधी भोक बुजवावं. आपल्या भागातले रोपवाटिकावाले बी टाकल्यावर ट्रे एकावर एक रचतात आणि वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळतात, ते याचसाठी. ओल आणि ऊब दोन्ही आत राहतात.

आता थोडं गणित करू. एकेरी प्लास्टिकमधून, आतलं आणि बाहेरचं तापमान एका अंशाने वेगळं असेल तर, दर चौरस मीटरला सुमारे ६ वॅट उष्णता निसटते. ट्रेसाठी २ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच असा प्लास्टिकचा तंबू केला. छत २, लांब बाजू ४ आणि आखूड बाजू २, असे मिळून ८ चौरस मीटर झाले.

उघड्या अंगणात, बाहेर १० अंश, आत २५ हवेत : ८ × ६ × १५ = ७२० वॅट.
त्याच तंबूवर जुनी गोधडी टाकली, गळती निम्मी धरली : ८ × ३ × १५ = ३६० वॅट.
तोच गोधडीचा तंबू घरातल्या १६ अंशाच्या खोलीत : ८ × ३ × ९ = २१६ वॅट.

आणि तंबू न करता दहा बाय दहाची पत्र्याची अख्खी खोली तापवायची म्हटलं तर? बाहेर १० अंश असताना छतातून सुमारे ८०० आणि विटांच्या भिंतींतून ९०० वॅट, म्हणजे १७०० वॅट. फटीतून जाते ती वेगळीच. १००० वॅट एक तास म्हणजे १ युनिट. दहा तासांच्या रात्रीला खोलीला १७ युनिट, तंबूला दोन-सव्वादोन. काम तेवढंच, बिलात आठपट फरक! आजीची गोधडी कुठल्याही हीटरपेक्षा स्वस्त पडते, ती अशी.

पायरी तिसरी : हीटर निवडा

१. हीट मॅट : ट्रेखाली अंथरायची विजेची गादी. एका ट्रेच्या मापाची मॅट साधारण २० वॅटची असते. उष्णता थेट खालून कोकोपीटला मिळते, हे झालं वहन. बी उगवण्यासाठी माझी पहिली पसंती हीच. वरच्या तंबूला दहा-बारा मॅट पुरतात.

२. पिवळा बल्ब : कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायला लावतात तोच. तारेच्या साध्या बल्बची बहुतेक वीज उष्णतेतच जाते, म्हणून लहान पेटीला ४० किंवा ६० वॅटचा पुरतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. बल्बला जाळी लावा आणि प्लास्टिक, गोधडी निदान हातभर लांब ठेवा.

३. ऑइल हीटर : आत तेल असलेला, पंख्यांसारख्या पट्ट्यांचा. हळू तापतो, हळू निवतो, ऊब सारखी देतो. पूर्ण खोली तापवायचीच असेल तर हा बरा.

४. ब्लोअर : पंख्याने गरम हवा फेकतो. खोली पटकन तापते आणि हवा फिरते, हे अभिसरण. पण कोकोपीट लवकर सुकतं. झोत ट्रेवर सोडू नका, भिंतीकडे वळवा आणि ट्रेची ओल दिवसातून दोनदा बघा.

५. लाल रॉडचा किंवा हॅलोजन हीटर : समोर बसलेल्या माणसासाठी चांगला. रोपांसाठी नको. समोरचा ट्रे करपतो आणि मागचा गारच राहतो. प्लास्टिकजवळ आगीची भीती ती वेगळी.

पायरी चौथी : थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट नसेल तर हीटर घेऊच नका, असं मी म्हणेन. माणूस रात्री दोनला उठून बटण बंद करत नाही. सेन्सरची वायर भिंतीवर लटकवू नका, मधल्या ट्रेच्या कोकोपीटमध्ये बोटाच्या पेराएवढी खोचा. २६ वर चालू, २८ वर बंद, असं लावा.

रॅकवर ट्रे असतील तर गरम हवा वर जाते, त्यामुळे वरचा खण तापतो आणि खालचा मागे पडतो. रोज ट्रेची जागा बदला.

विजेचंही ऐका. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो. ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावायचा नाही, १६ अँपिअरचं सॉकेट आणि जाड वायर हवी. रोपांची जागा ओली असते, म्हणून अर्थिंग आणि आरसीसीबी वायरमनकडून तपासून घ्या. पाणी घालताना मेन बटण बंद.

लाईट गेली तर?

हा आपल्याकडचा खरा प्रश्न. शेतीची लाईट पाळीपाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री. अशा वेळी आपला जुना बंब कामाला येतो. पाणी ऊब साठवण्यात फार तरबेज आहे. २० लिटर पाणी ६० अंशांवरून ३० अंशांपर्यंत निवलं तर ते सुमारे ०.७ युनिट उष्णता देतं. आपल्या २१६ वॅटच्या तंबूला आठ तासांत पावणेदोन युनिट लागतात. म्हणजे संध्याकाळी बंबातलं गरम पाणी दुधाच्या तीन किटल्यांत भरायचं, झाकण घट्ट लावायचं, गोणपाट गुंडाळायचं आणि किटल्या तंबूत ट्रेच्या मधोमध ठेवायच्या. रात्र निघते. बंब मात्र बाहेर, अंगणातच पेटवायचा!

दादा आता हेच करतो. बी कोकोपीटमध्ये टाकलं की मॅट लावतो, लाईट नसली की किटल्या. वहिनीने मात्र एक अट घातलीय : रोपांच्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

कोंब दिसला की काय?

इथं बरेच जण चुकतात. निम्मं बी वर दिसलं की प्लास्टिक काढा आणि ट्रे त्याच दिवशी उजेडात न्या. उबेत पण अंधारात राहिलेलं रोप पांढरं, लांब, लुळं होतं. आणि उबेला जास्त ओल मिळाली की मर लागते, रोपं बुडाशी कोलमडतात. उगवल्यावर रात्री १८-२० अंश पुरेत. लावणीच्या आधी आठवडाभर ऊब हळूहळू कमी करून रोपांना बाहेरच्या हवेची सवय लावा.

वर्गात करून पाहूया

साहित्य : थर्माकोलच्या दोन पेट्या, मिरचीचं बी, कोकोपीट, दोन तापमाप्या, स्टीलची पाण्याची बाटली.

दोन्ही पेट्यांत सारखं बी टाका. एकीत रोज शाळा सुटताना गरम पाण्याची बाटली ठेवा, दुसरीत गार पाण्याची. रोज सकाळी दोन्हीकडचं तापमान आणि उगवलेल्या बियांची संख्या तक्त्यात भरा. पंधरा दिवसांनी आलेख काढा. गरम पाणी मोठ्या माणसानेच भरायचं.

स्वाध्याय

१. हीट मॅट, ब्लोअर आणि हॅलोजन हीटर यांत उष्णता मुख्यतः कोणत्या प्रकाराने पोचते?
२. १ मीटर लांब, १ मीटर रुंद, १ मीटर उंच अशा प्लास्टिकच्या पेटीला, बाहेर १५ आणि आत २५ अंश हवे असतील तर किती वॅट लागतील? (तळ धरू नका.)
३. त्याच पेटीवर गोधडी टाकली तर दहा तासांत किती युनिट वाचतील?
४. बंद खोलीत कोळशाची शेगडी का पेटवू नये? उत्तर वहीत लिहा, आणि घरी आई-बाबांना, आजी-आजोबांना वाचून दाखवा.

पहिल्या तीन प्रश्नांना मी मार्क देईन. चौथा मात्र घरी वाचून दाखवला, एवढं मला सांगा. बाकीचा हिशोब चुकला तर पुन्हा करता येतो.