नैराश्यानंतर आहार व व्यायाम यांची घडी

नैराश्य हा मनाचा दुबळेपणा नव्हे, विकार आहे. औषधोपचाराने मन सावरू लागले, तरी मोडलेल्या सवयी आपोआप परतत नाहीत. "भूक लागली की जेवीन, हुरूप आला की फिरेन," असे रोगी म्हणतो. परंतु या विकारात हुरूप बहुधा कृतीच्या मागून येतो. म्हणून आरंभ घड्याळाकडे पाहून करावा.

सकाळी ठरल्या वेळी दूध व फळ, दुपारी मूगडाळीची मऊ खिचडी, सूर्यास्तापूर्वी अर्धी भाकरी व भाजी, एवढे प्रथम पुरे. रोज दहा मिनिटे चालावे. आठवड्यागणिक थोडे वाढवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे हा पुढचा मुक्काम होय. एखादा दिवस चुकल्यास दुसऱ्या दिवशी नेमाइतकेच चालावे. कालची थकबाकी वसूल करू नये.

धान्य-कडधान्यांत ब-१२ जीवनसत्त्व नसते व त्याच्या उणिवेने थकवा आणि उदासी येऊ शकते; म्हणून आपण शाकाहारी मंडळींनी डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे. औषधे चालू असता उपवास त्यांना विचारूनच करावा. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

घरच्यांनी उपदेश करण्यापेक्षा ताट वाढून शेजारी बसावे, चालताना सोबत जावे. जीव नकोसा झाल्याचे बोल निघाल्यास रोग्याला एकटे सोडू नये. तत्काळ डॉक्टर गाठावा, अथवा २०२२ साली सुरू झालेल्या शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेस १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनी करावा.