सामायिक जमीन आणि कोर्टाची विक्री



"कोर्टात गेलो की माझा हिस्सा मला तोडून मिळतो," असा पुष्कळांचा समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. हिस्सा कोर्ट ठरवून देते. पण तो जमिनीच्या रूपानेच मिळेल असे नाही. कित्येकदा जमिनीऐवजी पैसे हाती येतात आणि काही वेळा वडिलोपार्जित रान लिलावात तिऱ्हाइताकडे जाते. हे कसे होते आणि कोठे थांबवता येते, एवढेच या पाठात पाहू.

दावा कसा चालतो

वाटपाच्या दाव्यात दिवाणी न्यायालय प्रथम प्राथमिक हुकूमनामा करते. त्यात कोणाचा हिस्सा किती, एवढे ठरते. शेतसारा असलेल्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. मग मोजणी आणि सरस-निरस मानाने वाटप. या काळात कोर्ट मनाई हुकूम देऊ शकते, रिसीव्हरही नेमू शकते. म्हणजे फडातला ऊस तुटला तरी बिल कोणाच्या हाती पडेल, हा प्रश्न उरतोच.

तुकडेबंदीची अडचण

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येत नाही. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे व बागायतीला १० गुंठे ठरले आहे. आपल्या गावाला काय लागू आहे, ते तलाठी कार्यालयात विचारून घ्यावे.

ही अट कोर्टाच्या वाटपालाही लागू आहे. याच कायद्याच्या कलम ८अअ मध्ये पुढचा मार्ग सांगितला आहे. उदाहरणाने पाहू.

समजा, दोघे भाऊ आणि एक बहीण यांची मिळून २४ गुंठे बागायत आहे. हिस्सा प्रत्येकी ८ गुंठे. हा १० च्या आत बसतो, म्हणून तीन तुकडे पडणार नाहीत. फार तर १२-१२ गुंठ्यांचे दोन पडतील आणि तिसऱ्याला रोख मोबदला मिळेल.

१. जमीन कोणी घ्यायची आणि पैसे कोणी घ्यायचे, हे तिघांनी आपसांत ठरवावे. एकमत झाले नाही तर चिठ्ठ्या टाकून ठरते.

२. ज्यांना जमीन मिळाली त्यांनी जादा जमिनीची रक्कम ताबा घेण्याआधी भरायची. हिशेबापुरता गुंठ्याचा भाव १ लाख धरला, तर दोघांनी प्रत्येकी ४ गुंठ्यांचे ४ लाख भरायचे, म्हणजे तिसऱ्याला ८ लाख मिळतील.

३. रक्कम भरली नाही, तर तो हिस्सा जमीन न मिळालेल्या हिस्सेदाराकडे जातो. पैसे भरण्याची अट त्यालाही आहे.

४. कोणीच पैसे भरले नाहीत, तर तो हिस्सा लिलावात जास्त बोली करणाऱ्यास विकला जातो आणि रक्कम जमीन न मिळालेल्यांत हिश्शाप्रमाणे वाटली जाते.

म्हणजे रान हातचे जाते ते हक्क नसल्यामुळे नव्हे, तर एकमत नाही आणि वेळेवर पैसा नाही म्हणून.

१८९३ चा कायदा

दुसरा मार्ग १८९३ च्या विभाजन कायद्याचा. मालमत्तेचे स्वरूप, हिस्सेदारांची संख्या किंवा दुसऱ्या खास कारणामुळे वाटप सोयीचे होत नसेल आणि विक्री सर्वांच्या जास्त फायद्याची असेल, तर कोर्ट विक्रीचा हुकूम देऊ शकते. पण तशी मागणी करणाऱ्यांचा मिळून निम्मा किंवा त्याहून जास्त हिस्सा असावा लागतो.

ज्याला जमीन राखायची आहे त्याने येथे गप्प बसू नये. कलम ३ प्रमाणे, विक्री मागणाऱ्यांचा हिस्सा मूल्यांकनाच्या किमतीला विकत घेण्याची परवानगी दुसरा हिस्सेदार मागू शकतो. कोर्ट किंमत ठरवून देते आणि त्या किमतीला तो हिस्सा त्याला देऊ करते. लिलावाची वेळ आलीच, तर हिस्सेदाराला बोली करता येते. "बघू पुढच्या तारखेला" म्हणत बसलो तर ही संधी निघून जाते.

बहिणींचा हिस्सा

९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. तेव्हा बहिणींना वगळून केलेली घरगुती वाटणी पुढे दाव्यात अडकते. बहिणीने स्वखुशीने हक्क सोडला असेल तर रीतसर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र पाहिजे. तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवू नये. आणि सोडायचा नसेल, तर तो तिचा हक्क आहे, हे भावांनी मोकळ्या मनाने मानावे.

मग करावे काय?

सगळ्यांचे एकमत असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. मात्र मालकीचाच वाद निघाला तर आधी दिवाणी कोर्टाचा निकाल लागतो. दावा चालू असला तरी तडजोडीचा रस्ता बंद होत नाही. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसते. तुकडा न पाडणारी दुसरी कोणतीही रीत सर्वांनी मान्य केली, तर कलम ८अअ प्रमाणे तीच पाळली जाते. एकाने जमीन घेऊन इतरांना पैसे द्यायचे असतील, तर ते कोठून येणार हे आधी ठरवावे. सोसायटीचे जुने कर्ज किती, तेही हिशेबात धरावे.

महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या सभासदांना उत्पन्नाची अट न लागता तालुका विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो.

घरी बसून करावयाचा अभ्यास

१. आपल्या सातबाऱ्यावर किती नावे आहेत? मयताची वारस नोंद झाली आहे काय?

२. प्रत्येकाच्या वाट्याला किती गुंठे येतात? ते प्रमाणभूत क्षेत्राच्या वर आहेत काय?

३. वर नसतील, तर जमीन कोण घेणार, पैसे कोण घेणार आणि ते कधी देणार?

ही तीन उत्तरे कागदावर मांडून भावा-बहिणींना एकत्र बसवावे आणि वकिलाला दाखवून मगच सह्या कराव्यात. बांधावरचे भांडण घरात मिटले, तर रान घरात राहते.