टायमिंग चेन बदलल्यावर इंजिन सुरू न झाल्यास

माहुलमध्ये ज्या घराची चूल टॅक्सीवर पेटते, तेथे गाडी उभी राहिली की दिवसाची कमाई बुडते. तरीही घाईने पुन्हापुन्हा सेल्फ मारणे आपण टाळले पाहिजे. प्रत्येक फलाला कारण असते, ही तथागतांची शिकवण येथेही वाट दाखवते.

क्रँकशाफ्टचे 2 फेरे होतात, तेव्हा कॅमशाफ्टचा 1 फेरा होतो. साखळी दात चुकवून बसली तर व्हॉल्व्ह अवेळी उघडतात. चूक मोठी असल्यास अनेक इंजिनांत पिस्टनच्या धडकेने व्हॉल्व्ह वाकतात. म्हणून प्रथम स्पार्क प्लग काढून, पान्याने क्रँकशाफ्ट नेहमीच्या दिशेने 2 फेरे सावकाश फिरवावा. तो कोठे अडल्यास तत्काळ थांबावे. फेऱ्यांनंतर स्प्रॉकेटवरील खुणा जुळल्याच पाहिजेत. साखळीच्या रंगीत कड्या मात्र इतक्यात जुळत नाहीत. तो दोष नव्हे.

खुणा जुळल्या तर क्रँक व कॅम सेन्सरचे जोड, अर्थिंगची तार, स्पार्क आणि इंधन क्रमाने तपासावे. शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. सर्व सिलिंडरांत ते कमी भरल्यास टायमिंगचा, एकातच कमी भरल्यास वाकलेल्या व्हॉल्व्हचा संशय घ्यावा.

आधी कारण, मग उपाय, हा क्रम आपल्या मुलामुलींनी गॅरेजमध्येही सोडू नये. त्यानेच इंजिन वाचते आणि घरखर्चही.