टास्कबारवर काय ठेवावं, काय काढावं

दिवसभरात आपला हात सगळ्यात जास्त वेळा जातो तो संगणकाच्या पडद्यावर खाली असलेल्या टास्कबारकडे, आणि सगळ्यात कमी विचार आपण त्याचाच करतो. संपादन आणि मुद्रितशोधन हे माझं काम. लेख, प्रुफं, शब्दकोश, मेल यांच्यात माझी सतत ये-जा चालते. ती सुरळीत होणार की अडखळत, हे बऱ्याच अंशी या पट्टीवर ठरतं.

टास्कबार आला १९९५ च्या ऑगस्टमध्ये, विंडोज ९५ बरोबर. त्या वेळी त्यावर उघड्या खिडक्यांची बटणं दिसत. विंडोज ९८ मध्ये शेजारी क्विक लाँच नावाची लहान चिन्हांची रांग आली. २००९ साली विंडोज ७ ने या दोन्ही गोष्टी एक केल्या. प्रोग्रॅम उघडायचं चिन्ह आणि उघडलेल्या प्रोग्रॅमचं बटण यांची जागा तेव्हापासून एकच आहे. चिन्ह तिथे कायमचं बसवलं की ते पिन झालं, काढलं की अनपिन. या साध्या सोयीकडे लक्ष दिल्यावर जे हाती लागलं, ते पुढे मांडते.

१. नव्या संगणकावर आधी अनपिन करा

संगणक नवा घेतला की काही चिन्हं टास्कबारवर आधीच बसलेली असतात. ती कोणी बसवली, का बसवली, याच्याशी आपल्या कामाचा संबंध नसतो. मी प्रत्येकावर राइट क्लिक करून ‘अनपिन फ्रॉम टास्कबार’ म्हणते आणि पट्टी मोकळी करून घेते. विंडोज ७ मध्ये कुठल्याही प्रोग्रॅमला आपणहून तिथे जाऊन बसण्याची अधिकृत वाट मुद्दामच ठेवलेली नव्हती. ही जागा वापरणाऱ्याची, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. तो हक्क आपण वापरला पाहिजे.

२. काम करता करता पिन करा

स्टार्ट मेनूतल्या यादीवरून नजर फिरवत पिन करायला बसलं, की ‘हेही लागेल’ म्हणत पट्टी भरून जाते. त्यापेक्षा पट्टी रिकामी ठेवून कामाला लागावं. प्रोग्रॅम उघडला की त्याचं चिन्ह टास्कबारवर येतंच. तोच प्रोग्रॅम रोज उघडावा लागतोय असं दिसलं, की त्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘पिन टू टास्कबार’ निवडावं. महिन्यातून एकदा लागणाऱ्या गोष्टी स्टार्ट मेनूत सुखाने राहू शकतात. विंडोजची कळ दाबून नावाची पहिली अक्षरं टाइप केली की त्या समोर येतात.

३. क्रम एकदा ठरला की मोडू नका

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा धडा. विंडोजची कळ दाबून धरून १ दाबलं की डावीकडून पहिलं चिन्ह उघडतं, २ दाबलं की दुसरं. असं ९ पर्यंत, आणि दहाव्यासाठी ०. म्हणजे पहिल्या दहा जागांना कळफलकावरून थेट रस्ता आहे, अकरावीला नाही. माझ्याकडे पहिल्या जागी फाइल एक्सप्लोरर, दुसऱ्या जागी वर्ड, तिसऱ्या जागी ब्राउझर आणि चौथ्या जागी पीडीएफ वाचायचा प्रोग्रॅम असतो. फाइल शोधायची, लेख उघडायचा, संदर्भ पाहायचा, प्रूफ वाचायचं, असाच माझ्या कामाचाही क्रम आहे.

छपाईसाठी खिळे हाताने जुळवत त्या काळात कंपोझिटर खिळ्यांच्या केसकडे फारसं न बघता हव्या त्या कप्प्यात हात घालत असे, कारण कप्प्याची जागा बदलत नसे. टास्कबारचंही तसंच आहे. चिन्ह डोळ्यांनी शोधावं लागलं तर पिन करून फारसं काही साधत नाही. जागा हाताला पाठ झाली की नजर मजकुरावरून हलत नाही आणि हातातलं वाक्य तुटत नाही.

मधलं एक चिन्ह काढलं की पुढच्या सगळ्यांचे आकडे सरकतात. म्हणून कायमची चिन्हं डावीकडे आणि तात्पुरती उजव्या टोकाला ठेवावीत. उजवीकडचं काढलं तर कोणाचीच जागा हलत नाही.

४. विंडोज ११ मध्ये रांग डावीकडे आणा

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये विंडोज ११ आलं आणि चिन्हं पट्टीच्या मधोमध दिसू लागली. दिसायला छान. पण मधोमध असलेली रांग नवा प्रोग्रॅम उघडला की दोन्ही बाजूंना पसरते, त्यामुळे प्रत्येक चिन्ह थोडं थोडं सरकत राहतं. माउसने काम करणाऱ्याच्या हाताला मग जागा पाठ होत नाही. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार, टास्कबार बिहेव्हिअर्स असं जाऊन अलाइनमेंट ‘लेफ्ट’ करावी. आईच्या संगणकावर मी हे सगळ्यात आधी केलं. व्हिडिओ कॉल, फोटो आणि ब्राउझर एवढीच चिन्हं ठेवली आणि ती कायम त्याच जागी राहतील असं पाहिलं. आता ती कोणाला न विचारता नातवंडांना कॉल लावते.

५. अनपिन केल्याने काही पुसलं जात नाही

ज्येष्ठांना आणि नव्याने शिकणाऱ्यांना हे पुनःपुन्हा सांगावं लागतं, आणि ते मी आनंदाने सांगते. टास्कबारवरचं चिन्ह ही फक्त प्रोग्रॅमकडे जाणारी वाट आहे. वाट काढली तरी प्रोग्रॅम संगणकात राहतो, फायली राहतात, स्टार्ट मेनूतलं नावही राहतं. प्रोग्रॅम उघडा असताना अनपिन केलं तर चिन्ह लगेच जातही नाही, खिडकी बंद केल्यावर जातं. ही भीती गेली की माणूस निर्धास्तपणे पट्टी आवरतो.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. पेन ड्राइव्हवरून किंवा डाउनलोड्समधल्या एखाद्या फोल्डरमधून चालवलेला प्रोग्रॅम पिन केला आणि नंतर तो फोल्डर हलवला, तर चिन्ह उरतं पण उघडत काही नाही. क्लिक केल्यावर हे चिन्ह काढू का, असं विंडोज विचारतं. म्हणून अशा प्रोग्रॅमला आधी कायमच्या जागी ठेवावं, मग पिन करावं.

६. फायली जम्प लिस्टमध्ये पिन करा

पिन करण्याची खरी गंमत मला इथे सापडली. वर्डच्या चिन्हावर राइट क्लिक केलं की अलीकडे उघडलेल्या फायलींची यादी वर येते. तिला जम्प लिस्ट म्हणतात. यादीतल्या फाइलशेजारी टाचणीची खूण असते. ती दाबली की ती फाइल यादीच्या वरच्या भागात पक्की बसते. बाकीची नावं नवी कामं आली की खाली ढकलली जातात आणि नाहीशी होतात, पण पिन केलेलं नाव आपण काढेपर्यंत तिथेच राहतं.

दिवाळी अंकाच्या हंगामात हा माझा मोठा आधार असतो. अंकासाठी ठरवलेल्या लेखननियमांची फाइल, अनुक्रमणिका, आणि कोणत्या लेखाचं कितवं प्रूफ झालं याचा तक्ता, या तिन्ही फायली मी वर्ड आणि एक्सेलच्या जम्प लिस्टमध्ये पिन करून ठेवते. ‘सुद्धा’ जोडून लिहायचं की सुटं, विशेषनामांचं लेखन कसं करायचं, हे पाहायला दोन क्लिक पुरतात. पाहणं इतकं सोपं असलं की माणूस खरंच पाहतो, अंदाजाने पुढे जात नाही, आणि पहिल्या लेखापासून शेवटच्या लेखापर्यंत अंकात एकवाक्यता राहते. एवढ्याशा सोयीचा कामाच्या दर्जावर असा थेट परिणाम होतो.

जम्प लिस्टमध्ये फायलींची नावं दिसतात, हे मात्र विसरू नये. संगणक प्रोजेक्टरला जोडण्याआधी खासगी फायलींची नावं राइट क्लिक करून यादीतून काढावीत. आणि घरात एकाच संगणकावर दोघं काम करत असतील तर दोघांची खाती वेगळी करावीत. प्रत्येक खात्याचा टास्कबार वेगळा असतो.

७. रोजचं संकेतस्थळही पिन होतं

मराठी विश्वकोश मला दिवसातून कितीतरी वेळा लागतो. ब्राउझरच्या टॅबच्या गर्दीत तो शोधत बसण्यापेक्षा मी तो टास्कबारवर ठेवला आहे. एज ब्राउझरच्या मेनूत ‘मोअर टूल्स’मध्ये ‘पिन टू टास्कबार’ हा पर्याय मिळतो. संदर्भ हाताशी असला की शंका मनात ठेवून पुढे जावं लागत नाही.

८. दुसरी खिडकी हवी असेल तर शिफ्ट दाबा

वर्ड उघडं असताना त्याच्या चिन्हावर क्लिक केलं की उघडी खिडकीच समोर येते. शिफ्ट दाबून क्लिक केलं, किंवा माउसचं मधलं बटण दाबलं, की नवी खिडकी उघडते. फाइल एक्सप्लोररचंही तसंच. जुनं प्रूफ एका फोल्डरमध्ये आणि नवं दुसऱ्यात असताना दोन्ही शेजारी शेजारी ठेवून पाहायला याचा फार उपयोग होतो.

९. आपल्याला हाका मारणारं चिन्ह ठेवू नका

मेल आणि गप्पांच्या ॲपच्या चिन्हावर न वाचलेल्या निरोपांचा आकडा उमटतो आणि वाचनातून लक्ष उडतं. अशी ॲप मी अनपिन करते, आणि काम सुरू असताना बंदही ठेवते. लागली की स्टार्टमधून उघडते. त्या दोन-तीन जास्तीच्या क्लिकमध्ये ‘आत्ता हे उघडायची गरज आहे का’ असा विचार करायला वेळ मिळतो. पुष्कळदा उत्तर ‘नाही’ असं येतं.

१०. काम संपलं की पट्टी आवरा

अंक छपाईला गेला की त्याच दिवशी मी अंकाच्या फायली जम्प लिस्टमधून आणि तात्पुरते प्रोग्रॅम टास्कबारवरून काढते. संपलेल्या कामाची चिन्हं समोर राहिली की नव्या कामाकडे मन पूर्ण वळत नाही. आवरताना प्रत्येक चिन्हाला एकच प्रश्न विचारावा: गेल्या आठवड्यात मी तुला कामासाठी उघडलं होतं का? उत्तर ‘नाही’ असेल तर अनपिन करावं. जागा रिकामी राहिली तर राहू द्यावी, ती भरायची घाई नको. पुढचं काम सुरू झालं की त्याला काय लागतं ते आपोआप कळतं, आणि तेव्हा पिन करायला एक राइट क्लिक पुरतो.