काविळीत प्रतिकारशक्ती वाढवावी का?

प्रश्न : रक्तदान शिबिरानंतर मुलाला (वय ३४) ‘हिपॅटायटिस बी’ निघाला. त्रास काहीच नाही. एसजीपीटी मात्र कधी ५०, कधी १६०. प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा देतो. चालेल ना?
— एक वाचक, दर्यापूर

उत्तर : काढा आधी थांबवा. हा विषाणू यकृताच्या पेशीत मुक्काम ठोकतो, पण तिला सहसा स्वतः मारत नाही. मारतात त्या आपल्याच टी-पेशी. बाधित पेशी ओळखून त्या तिला संपवतात, पाठोपाठ इतर पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि सुक्यासोबत ओलंही जळतं. यकृतपेशी मेल्यावर रक्तात उतरणारा एसजीपीटी वर जातो तो अशाच चकमकीत. जुनाट आजारात टी-पेशी थकतात. विषाणू हटत नाही, धुसफूस थांबत नाही. वर्षानुवर्षांच्या या सुजेने यकृतातल्या तारकापेशी चेतवल्या जातात, त्या चिवट तंतू विणतात. त्याचाच शेवट सिरॉसिस. म्हणजे इथे प्रतिकारशक्ती चेतवणं उलटूही शकतं.

मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं. वाद चालू राहो, मुलाच्या यकृतावर प्रयोग नको. गुडघेदुखीवर सर्रास दिली जाणारी स्टेरॉइडही डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत. दबलेला विषाणू त्यांच्यामुळे उसळतो.

रक्तात विषाणू किती हे सांगणारी एचबीव्ही डीएनए चाचणी आणि यकृताचा ताठपणा मोजणारा फायब्रोस्कॅन करून घ्या. गरज ठरल्यास टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर सुरू होईल. ते औषध मनाने बंद करू नये. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय हिपॅटायटिस कार्यक्रमात तपासणी व औषधं मोफत आहेत, तेव्हा अमरावतीच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून, ज्यांना संरक्षण नाही त्यांना लस द्या.