संगणकाचे समाकलन आणि हरवलेला स्थिरांक

कलाशाखेच्या वार्षिकात कलनशास्त्र पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. पण अर्थशास्त्र घेतलेल्या आम्हा विद्यार्थ्यांना समाकलन चुकत नाही. सीमांत खर्चावरून एकूण खर्च काढायचा, तर दुसरा मार्ग नाही.

हे काम आता संगणक फुकट करतो. वुल्फ्रम अल्फा (२००९), मॅक्सिमा, सिम्पाय ही साधने इंटरनेटवर आहेत. फलन लिहावे, कळ दाबावी. उत्तर आकड्यांत नव्हे, तर बीजगणिती सूत्रात मिळते. यामागे मोठी तपश्चर्या आहे. १९६१ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत जेम्स स्लॅगल यांनी समाकलन करणारी आज्ञावली रचली. १९६९ साली रॉबर्ट रिश यांनी एखाद्या फलनाचा समाकल नेहमीच्या फलनांत मांडता येतो की नाही, हे ठरविण्याची रीत प्रसिद्ध केली. संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराच्या वक्राचा समाकल तसा मांडता येत नाही. म्हणून तेथे यंत्र 'एरर फंक्शन' असे निराळेच नाव छापते. ती यंत्राची चूक नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ. एका कारखान्यात 'न' नग काढताना सीमांत खर्च १० + ६न रुपये आहे. मॅक्सिमा किंवा सिम्पाय उत्तर देते : १०न + ३न². यात 'अधिक स्थिरांक' कोठेच नाही! दहा नगांसाठी खर्च ४०० रुपये, म्हणजे नगामागे ४०. बाजारभाव ६० असेल, तर नगामागे २० रुपये नफा, असे आपण आनंदाने लिहू.

परंतु जागेचे भाडे, पहारेकऱ्याचा पगार यांचे ५०० रुपये एकही नग न काढता द्यावेच लागतात. हा स्थिर खर्च म्हणजेच तो वगळलेला स्थिरांक. तो मिळविला की एकूण खर्च ९००, नगामागे ९०. नफा नाहीच, उलट नगामागे ३० रुपये तोटा!

उत्तराचे अवकलन करून मूळ फलन मिळते का पाहावे, असे आपले प्राध्यापक सांगतात. सल्ला उत्तम आहे आणि यंत्राच्या उत्तरालाही तो लावावाच. मात्र स्थिरांकाचे अवकलन शून्य येते. म्हणून वरील उत्तर या परीक्षेत खुशाल उत्तीर्ण होते. हरवलेले ५०० रुपये गणितात सापडत नाहीत. ते कारखान्याच्या हिशेबवहीतच शोधावे लागतात.

विद्यार्थिमित्रहो, म्हणून ही साधने टाकून द्या असे मी म्हणत नाही. लांबलचक आकडेमोड त्यांच्यावर जरूर सोपवा. पण आधी कागदावर दोन ओळी लिहा : हा समाकल कशाचा आहे, आणि 'न' शून्य असताना त्याची किंमत किती? पहिल्या प्रश्नाला अर्थशास्त्र उत्तर देते, दुसऱ्याला वस्तुस्थिती. यंत्राला यांपैकी एकही ठाऊक नसते.