संकल्प, सात्म्य आणि पादांशिक क्रम

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बदलापुरातील आमच्या चिकित्सालयात एका ठरावीक प्रकारचा रुग्ण येतो. १ तारखेपासून चहा बंद, रात्रीचे जेवण बंद, पहाटे थंड पाण्याने स्नान. चौथ्या-पाचव्या दिवशी शिरःशूल, मलावष्टंभ, चिडचिड. संक्रांतीपर्यंत सर्व पूर्ववत. औषध विक्रेते बंधूंचाही अनुभव निराळा नसावा. याच दिवसांत त्रिफळा चूर्ण हातोहात खपते. दुसरी डबी मागावयास क्वचितच कोणी येतो. वास्तविक हा काळ हेमंताचा. अग्नी प्रबल असतो. त्यास इंधन न मिळाल्यास तो रसधातूस जाळतो व वात प्रकुपित होतो, हे आपण सर्वजण शिकलो आहोत.

रुग्णाची धृती दुर्बल, असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु दोष आपल्या सल्ल्यातही असतो. काही वर्षांपूर्वी मुंबईस नोकरीला जाणाऱ्या एका गृहस्थांना अम्लपित्तासाठी आम्ही ब्राह्ममुहूर्तापासून पादाभ्यंगापर्यंतची संपूर्ण दिनचर्या एकाच कागदावर लिहून दिली. पहाटेची लोकल पकडून रात्री नऊला परतणारा मनुष्य सायंकाळी लवकर जेवणार कोठे, हे आम्ही विचारलेच नाही. ते पुन्हा आले ते दोन वर्षांनी, रक्ताची उलटी होऊन रुग्णालयात राहिल्यावर. तो कागद त्यांनी जपून ठेवला होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ७ व्या अध्यायात सवयीचे अहितकर क्रमाने सोडावे व हितकर क्रमानेच अंगीकारावे, असे सांगितले आहे. प्रमाण चतुर्थांशाचे, वाग्भटांनी त्याचाही चतुर्थांश, म्हणजे सोळावा भाग, हा पर्याय दिला आहे. मध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर. अंतराचा अर्थ लावण्यात एकवाक्यता नाही; आम्ही दिवसांऐवजी आठवडे धरतो. विमानस्थानात अतिलवण खाणाऱ्या प्रदेशांतील लोकांनाही त्या सात्म्यापासून हळूहळूच दूर व्हावयास सांगितले आहे. अपथ्य असले तरी ते ओकसात्म्य झालेले असते, हे त्यामागील मर्म.

त्याच गृहस्थांच्या आठ कप चहांपैकी प्रथम दोनच सोडविले, तेही अनशनावस्थेतील. जेवढे काढले तेवढे भरलेही पाहिजे, म्हणून परतीच्या गाडीपूर्वी पोळी-भाजीचा दुसरा डबा. घरी केवळ मुगाचे कढण. पुढचा बदल तीन आठवड्यांनी. सहा महिने लागले.

येथे एक सावधगिरी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटनमधील सुमारे ७०० धूम्रपान करणाऱ्यांवरील अभ्यासात हळूहळू सोडणाऱ्यांपेक्षा ठरलेल्या दिवशी एकदम सोडणारे अधिक टिकले. तंबाखूच्या बाबतीत म्हणूनच आम्ही क्रमाचा आग्रह धरीत नाही. याउलट अतिमद्यपी रुग्णाने अचानक मद्य सोडल्यास आक्षेपक, प्रलाप असे प्राणघातक उपद्रव संभवतात. अशा रुग्णास रुग्णालयातच पाठवावे.

नववर्षाचा मुहूर्तच हवा असेल, तर आम्ही गुढीपाडवा सुचवितो. चैत्र-वैशाख हा वसंत धरल्यास फाल्गुनाचे शेवटचे व चैत्राचे पहिले सात दिवस मिळून ऋतुसंधी होतो आणि पाडवा त्याच्या मध्यावर येतो. गुरु-स्निग्ध आहार व दिवास्वाप त्या दिवसांत तसेही सोडावयाचे असतात. आपल्या रुग्णपत्रिकेवर त्या पंधरवड्यात एकच बदल लिहावा व पुढील भेटीची तारीख घालावी. त्या भेटीस रुग्ण आला नाही, तर आम्ही दूरध्वनी करतो.